नाशिकच्या वायनऱ्यांत एक शनिवार, नानांच्या सोबतीने

शुक्रवार संध्याकाळ

कॉलेजपासूनच्या आम्ही चौघी मैत्रिणी. त्यांतली एक लग्नानंतर नाशिकला स्थायिक झाली आणि तिचे माहेर दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबागांच्या मधोमध. "एकदा हंगामात या, बागही पाहू आणि वायनऱ्याही," असे ती दहा वर्षे म्हणत होती. या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी तो योग आला. पुण्याहून चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सुमारे २१० किलोमीटरचा रस्ता शुक्रवारी दुपारी कापून आम्ही तिघी दिवेलागणीच्या सुमारास थेट तिच्या माहेरी पोहोचलो.

रथसप्तमी अजून झाली नव्हती आणि माईंनी, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, त्याच संध्याकाळी हळदीकुंकू ठेवले होते. ओसरीवर गावातल्या पंचवीस-तीस बायका बसलेल्या होत्या. पाय धुऊन आत येताच आमच्या कपाळी हळदीकुंकू लागले, ओंजळीत तिळगूळ आणि वाण आले, अंगावर गुलाबपाणी शिंपडले गेले आणि उजव्या हाताच्या पाठीवर माईंनी हिना अत्तराचे बोट चांगले दाबून ओढले. त्या अत्तराने दुसऱ्या दिवशी मला एक मोठा धडा दिला, म्हणून त्याचा उल्लेख इथे मुद्दाम केला आहे.

उद्या आम्ही कुठे निघालो आहोत हे कळल्यावर ओसरीवर काही क्षण शांतता पसरली. एका वयस्कर बाईंनी अगदी सरळ विचारले, "म्हणजे दारू प्यायला?" आमच्यातली शिक्षिका मैत्रीण उत्तर शोधत होती, तेवढ्यात दारातून नाना, मैत्रिणीचे वडील, म्हणाले, "दारूच आहे ती. पण आपल्या द्राक्षाची आहे. कशी करतात ते पाहायला काय हरकत आहे?" नाना माळकरी आहेत. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरी पायी जाऊन ते नुकतेच परतले होते. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला फार बरे वाटले, कारण त्यात वस्तूला तिच्या नावाने संबोधण्याचा प्रामाणिकपणा होता. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच असा युक्तिवाद बराच ऐकू आला होता. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो, हे लपवून तिचे कौतुक करता येत नाही आणि करण्याची गरजही नाही.

जेवताना नानांनी विचारले, "मी आलो तर चालेल का? मला प्यायचे नाही. त्यांची बाग पाहायची आहे."

शनिवार, पहाट: नानांची बाग

सकाळी साडेसहाला बागेत गेलो तेव्हा हवेत इतका गारठा होता की शाल पुरेना. बांधाला रात्रीच्या शेकोट्यांची राख होती. थंडी फार वाढली की मण्यांना तडे जातात, म्हणून बागेत पाणी सोडतात आणि शेकोट्या पेटवून ऊब धरतात. थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाच्या मांडवाखाली वाकून शिरलो. डोक्यावर घडच घड, प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. नानांनी एक कागद अलगद सोडवून दाखवला. आत हिरवट पिवळे, अंगठ्याएवढे मणी एकमेकांना न घासता, मोजून बसवावेत तसे लटकत होते.

ते आपोआप तसे होत नाहीत. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठी. मग विरळणी, मणी लांब आणि फुगीर व्हावेत म्हणून जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवणे, भुरी आणि डाउनी या रोगांवरच्या फवारण्या, आणि या सगळ्यावर अवकाळी पावसाची टांगती तलवार. युरोपातल्या वेली हिवाळ्यात पाने गाळून झोपतात. आपल्याकडच्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते आणि फळ मात्र एकदाच घ्यायचे असते. त्यांच्याकडे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, तर आपल्याकडे वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या थंडीत येतात.

पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बायका सात वाजता कामाला लागल्या. एक जण कात्रीने घडातला खराब मणी इतक्या चपळाईने काढत होती की शेजारच्या मण्यावरची पांढुरकी लव पुसली जात नव्हती. ती लव बोटाने पुसली गेली की व्यापारी भाव पाडतो, असे तिनेच सांगितले.

माईंनी बाजरीची भाकरी, उडदाचे घुटे आणि ठेचा असा भरगच्च नाश्ता दिला. वायनरीत जाण्याआधी पोटभर खाऊन निघावे, ही पहिली आणि सर्वांत उपयोगी सूचना. रिकाम्या पोटी तिसऱ्या पेल्यानंतर चवही कळत नाही आणि तोलही राहत नाही. दुसरी सूचना वाहनाची: आम्ही आमची गाडी बागेतच ठेवली आणि दिवसभरासाठी चालकासह भाड्याची मोठी गाडी घेतली. चाखून घोट थुंकून टाकला तरी दिवसाअखेर काही ना काही पोटात जातेच, त्यामुळे चाखणाऱ्याने चाकामागे बसण्याचा विचारही करू नये.

शनिवार, सकाळ: सुला

गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धन शिवारात सुला या वायनरीचे आवार आहे. स्टॅनफर्डमध्ये शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर नव्वदच्या दशकात वेली लावल्या, आईच्या सुलभा या नावावरून नाव ठेवले आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या जाती नाशिकच्या मातीत रुजल्या त्या मुख्यतः या प्रयोगामुळे. शनिवार-रविवारी इथे मुंबई-पुण्याची मोठी गर्दी लोटते, म्हणून आम्ही दारे उघडण्याच्या वेळीच पोहोचलो. दुपारी निघताना रांग पाहिली, तेव्हा हा निर्णय किती योग्य होता ते कळले. वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि जाण्याचा दिवस ड्राय डे तर नाही ना, हे दिनदर्शिकेत पाहूनच बेत ठरवावा.

आम्हाला वायनरी दाखवणारा तरुण पंचक्रोशीतलाच होता. नाना शेतकरी आहेत हे कळताच त्याने आधी बागेच्या कडेला नेले. इथे मांडव नव्हता. वेली कमरेएवढ्या उंचीच्या तारांवर सरळ रांगेत बांधलेल्या, घड खाली एका पट्ट्यात आणि पाने वर. शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक घड पाहून शिक्षिका मैत्रीण पटकन म्हणाली, "एवढुसेच मणी?" जांभळट काळे, वाटाण्याएवढे मणी घट्ट दाटीने बसले होते. मार्गदर्शकाने परवानगी घेऊन आम्हाला एकेक मणी दिला.

तो मणी मी अजून विसरलेले नाही. साल जाड आणि चिवट. दात बसताच आतून इतका गोड रस आला की थॉमसन त्यापुढे फिका वाटावा. पाठोपाठ साल चावताना हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या, कच्चे केळे खाल्ल्यावर होतात तशा. आणि शेवटी दोन बिया उरल्या. "बी चावून पाहा," तो म्हणाला. बी कुरकुरीत होती आणि भाजल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी तिची चव लागली. बी तपकिरी होऊन अशी कुरकुरीत लागली की द्राक्ष तोडणीला आले. ती हिरवी, कडवट असेल तर साखर भरलेली असली तरी थांबायचे. नानांनी आपल्या मण्याची बी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. "आमची शुगर सतरा-अठराला आली की व्यापारी दारात," ते म्हणाले. इथे साखर बावीस ते चोवीस टक्क्यांपर्यंत येण्याची वाट पाहतात, कारण तेवढ्या साखरेचाच पुढे बारा-तेरा टक्के मद्यार्क होतो. मणी लहान हवा तोही हिशेबानेच: रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून रसाच्या मानाने साल जितकी जास्त तितकी लाल वाइन दाट. खाण्याच्या द्राक्षात आपण ज्या गुणांसाठी वर्षभर राबतो, मोठा मणी, पातळ साल, बी नाही, ते सगळे गुण इथे दोष ठरतात, हे त्या एका मण्याने आम्हाला समजावून दिले.

आत पोलादी टाक्यांच्या रांगा होत्या. पांढऱ्या वाइनची द्राक्षे आधी दाबून रस वेगळा काढतात आणि तो पंधरा अंशांच्या आसपास थंड ठेवून सावकाश आंबवतात. लाल वाइन सालींसकट आंबते, आणि वर तरंगून आलेल्या सालींच्या थरावर तळाचा रस पुन्हा पुन्हा फिरवतात. काळ्या द्राक्षाचा रसदेखील बहुधा रंगहीनच असतो, लाली सालीतून उतरते, हे मी वाचले होते. पण टाकीच्या नळातून काढलेला, ताकासारखा गढूळ, फसफसणारा जांभळा द्रव काचेत पाहिल्यावर ते पटले. टाक्यांजवळ आंबोळीच्या पिठाला पहाटे येतो तसा वास दरवळत होता. डॉक्टर मैत्रीण तिथेच उभी राहून यीस्टबद्दल इतके प्रश्न विचारत राहिली की मागचा गट आम्हाला ओलांडून पुढे गेला.

चाखणीच्या मेजावर सहा वाइन होत्या. आधी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहायचा, पेला मेजावरच गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, आणि मगच घोट घेऊन तो तोंडभर खेळवायचा. पहिली सॉव्हिन्यों ब्लां. मी पेला नाकाशी नेला आणि मला हिना अत्तराचा वास आला. पुन्हा फिरवला, पुन्हा हिनाच. आदल्या संध्याकाळचे ते अत्तर दोन वेळा साबणाने हात धुऊनही गेले नव्हते. मार्गदर्शकाच्या ध्यानात ते आले. त्याने पेला डाव्या हातात धरायला आणि उजवा हात मेजाखाली ठेवायला सांगितले. वाइन चाखायला जाताना अत्तर, गजरा, सुगंधी तेल, कडक वासाची क्रीम यांतले काहीही लावू नये, ही सूचना मी आता प्रत्येकाला आवर्जून करते. स्वतःचे आणि शेजाऱ्याचे, दोघांचेही नाक त्यामुळे निकामी होते.

नाना बाकावर टेकून पाहत होते. मैत्रिणीने आपला पेला त्यांच्यापुढे धरला. "नाना, वास घेऊन पाहा ना. त्याला तर हरकत नाही." त्यांनी गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सरकवली, पेला दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ढोबळी मिरची." पुन्हा वास घेतला. "मिरची नाही. मिरचीचा देठ मोडल्यावर येतो, तो वास."

मार्गदर्शकाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मी कधीही विसरणार नाही. तो म्हणाला, "काका, लोकांना हा वास ओळखायला महिने लागतात." सॉव्हिन्यों ब्लां आणि काबर्ने या जातींत मेथॉक्सिपायराझिन नावाची संयुगे असतात, आणि ढोबळी मिरचीचा वासही त्याच संयुगांचा. घडावर ऊन पडत गेले की ती कमी होतात, असे त्याने सांगताच नाना लगेच म्हणाले, "म्हणजे घडाजवळची पाने काढली तर हा वास उतरेल." "तेच करतात, काका!" मग पुढचा अर्धा तास चाखणी जणू त्या दोघांचीच झाली. शेनिन ब्लांला नानांनी पिकलेल्या पेरूचा वास सांगितला, शिराझच्या पेल्यावर "काळी मिरी, आणि जरा जळालेले लाकूड" म्हणाले. ते लाकूड म्हणजे ओकचे पिंप. तळघरात २२५ लिटरची पिंपे ओळीने ठेवलेली होती आणि आतून धगीवर भाजलेल्या त्या लाकडाचा वास वाइनमध्ये उतरतो. आम्ही तिघी त्यांच्या मागोमाग वास घेत होतो आणि त्यांनी नाव उच्चारल्यावर तोच वास आम्हालाही सापडत होता. आयुष्यभर पाने, काड्या, माती, फवारणी आणि फळ हुंगत आलेल्या माणसाच्या नाकाला शिकवावे लागत नाही; त्याच्यासमोर पेला ठेवण्याची तसदी मात्र आजवर कोणी घेतली नव्हती.

शेवटची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां. घड वेलीवरच जास्त दिवस ठेवून पाणी उडू दिलेले, म्हणून मधासारखी दाट गोड. नाना वास घेऊन एवढेच म्हणाले, "बेदाणा."

दुपार

वायनऱ्यांमध्ये बाहेरचे खाणे सहसा चालत नाही, म्हणून माईंनी दिलेली थालीपिठे आम्ही रस्त्याकडेच्या आंब्याखाली चटई टाकून खाल्ली. तिथेच नाना बोलू लागले.

२००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झाले आणि जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षाची लाट आली. नानांनीही २००६ मध्ये दोन एकर काबर्ने लावले, एका कंपनीशी करार करून. पहिली दोन पिके वेळेवर गेली, पैसे आले. मग २००८च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी आली, हॉटेले ओस पडली आणि वाइनची मागणी घसरली. कंपनीचा माणूस तोडणीला यायचा थांबला, आधीच्या मालाचे पैसेही अडकले. "खायचे द्राक्ष असते तर बाजारात नेले असते, निदान बेदाणा केला असता. या बारक्या, बियांच्या मालाला कोण विचारणार? घड वेलीवरच वाळले." २०१०च्या उन्हाळ्यात त्यांनी बाग काढली. त्या वर्षांत जिल्ह्यातल्या अनेकांनी काढल्या. आज परिस्थिती सावरली आहे, 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे, मोठ्या वायनऱ्या शेतकऱ्यांशी लांब मुदतीचे करार करतात. पण पेल्याचे कौतुक करताना तो शेतातला तोटा कोणी सोसला हे विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

"ज्याची वाइन केली, तिचा वाससुद्धा मी घेतला नव्हता," नाना म्हणाले. "आज घेतला."

त्यानंतर एका छोट्या वायनरीत चाखणी ठरली होती. दूरध्वनीवरून दोनदा नक्की केलेले असूनही फाटकावर कळले की आवार एका समारंभासाठी दिलेले आहे. तिथे चाळीस मिनिटे गेली. ठरलेली वेळ त्याच दिवशी सकाळी पुन्हा विचारून घ्यावी.

संध्याकाळ: यॉर्क

यॉर्क तिथून काही मिनिटांवर आहे. इंग्लंडमधल्या शहरावरून हे नाव ठेवले असेल असे वाटते, पण ते गुरनानी कुटुंबातल्या योगिता, रवी आणि कैलाश या तीन भावंडांच्या अद्याक्षरांवरून आले आहे. २०२१ पासून ही वायनरी सुलाच्या छत्राखाली आहे. आवार लहान, गर्दी कमी, आणि गच्चीवरून गंगापूर धरणाचा फुगवटा थेट समोर. ज्यांना निवांत बसायचे आहे त्यांनी दिवसाची अखेर इथेच करावी, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचून गच्चीची कडेची जागा धरावी.

इथे आम्ही चाखण्यापेक्षा जेवणाशी जोडून पाहण्यावर भर दिला. तिखट कबाबांबरोबर आधी लाल वाइन घेतली, तर तिखट एकदम भडकले, जिभेला चटका बसला. मग किंचित गोडसर शेनिन ब्लां घेतली आणि तेच तिखट निवले, मसाल्यातले धणे-जिरे वेगळे कळू लागले. लाल वाइनचा तुरटपणा मिरचीची आग वाढवतो आणि थोडी गोडी, थोडा आंबटपणा, भरपूर गारवा ती शमवतो. आपल्या मिसळीला, कोल्हापुरी रश्श्याला किंवा झणझणीत भरल्या वांग्याला सोबत हवी असेल तर लाल वाइन बाजूला ठेवून थंड, किंचित गोड पांढरी घ्यावी, हा निष्कर्ष आम्ही तिघींनी एकमताने काढला. आरोस ही त्यांची ओकमध्ये मुरवलेली लाल वाइन मात्र नुसतीच, सावकाश, तळहाताच्या उबेने थोडी जागी करत चाखण्यासारखी आहे. गच्चीवरच्या थंडीत ती आधी मुकी होती. पंधरा मिनिटांनी जांभळाचा आणि कोकोचा वास उलगडला.

सूर्य त्र्यंबकच्या दिशेच्या डोंगरांमागे उतरला तेव्हा पाण्यावर आधी तांबूस आणि मग राखी छटा पसरली. बगळ्यांची एक रांग काठाकडे गेली. गोदावरी याच डोंगरांतून, ब्रह्मगिरीवरून येते आणि इथे अडून पुढे नाशिकच्या घाटांकडे व बागांकडे जाते. आम्ही दिवसभर ज्या वेली पाहिल्या त्यांना याच खोऱ्याचे पाणी. नाना कठड्याशी खुर्ची ओढून बसले होते. दिवेलागण होताच त्यांनी हात जोडले आणि अगदी हळू आवाजात हरिपाठ सुरू केला. शेजारच्या मेजावरच्या तरुण मुलांनी, कोणी न सांगता, आपल्या भ्रमणध्वनीवरचे गाणे बंद केले. आम्ही पेले खाली ठेवले. हरिपाठ पुरा होईपर्यंत त्या गच्चीवर दुसरा आवाज नव्हता.

निघताना चार बाटल्या घेतल्या. गाडीच्या डिकीत त्या दुपारच्या उन्हात ठेवू नयेत, वाइन शिजते. म्हणून खरेदी दिवसाच्या शेवटीच करावी आणि घरी पांढरी आठ-दहा अंशांवर, लाल सोळा-अठरा अंशांवर द्यावी. आपल्याकडच्या खोलीतले तापमान लाल वाइनलाही जास्त होते, तेव्हा ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवण्यात काही चुकीचे नाही.

रविवार, सकाळ

चहा झाल्यावर नाना म्हणाले, "पोरींनो, निघण्याआधी विहिरीवर चला."

मोटारीच्या खोलीला टेकून, जुन्या अँगलांच्या छोट्या मांडवावर एक वेल होती. खोड मनगटाएवढे, साल सुटलेली, छाटणी नेमकी केलेली. दोन एकरांतली ही एकच ठेवली, असे ते म्हणाले. मैत्रिणीलाही ते ठाऊक नव्हते. तिला ती वेल जंगली वाटत आली होती. काळे, सैल घड पानांआड लटकत होते. मी एक मणी तोडला आणि साल बोटांत चुरडून वास घेतला. जांभळाच्या मागे, अगदी मंद, देठ मोडल्याचा तो हिरवा वास होता. माझ्या हातावरचे अत्तर एव्हाना उतरले होते.

नानांनी चार घड वर्तमानपत्रात बांधून दिले. परतीच्या वाटेवर नारायणगावला चहाला थांबलो. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी याच गावी फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन करायला घेतली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी पाठवली. आजच्या महाराष्ट्राच्या वाइनची पहिली पाने इथे लिहिली गेली. टपरीच्या बाकावर डॉक्टर मैत्रिणीने पुडी सोडली. आम्ही तिघींनी एकेक मणी तोंडात टाकला, रस गिळला, साल चावली आणि मग, कोणी न सांगता, बी दातांखाली धरली. तपकिरी होती, कुरकुरीत होती.

तिथूनच नानांना फोन लावला. "नाना, बी पिकली आहे. तोडणीला आली तुमची वेल."

"हो," नाना म्हणाले. "परवापासून साळुंक्या यायला लागल्या आहेत."